अनू, हो म्हण

अनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, “ताई, मला स्केट्स घालून धड उभं राहता येत नाही आणि हे लोक मला सईच्या आइस हॉकी टीमची मॅनेजर हो म्हणतायत.” मागे तुझ्या लेकीची पळापळ चालली होती, तुझा निखिल गाडीची किल्ली शोधत होता, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. आता सगळं आवरून चहा घेऊन बसलेय. माझं मत आधीच सांगते: हो म्हण. पण कुणी गळ घातली म्हणून, भिडेखातर म्हणू नकोस. काय अंगावर घेतेयस ते समजून-उमजून म्हण. त्यासाठी मला तुला एका माणसाबद्दल सांगायचंय.

त्यांचं नाव नील हेंडरसन. मी राहते तिथून त्यांची रिंक फार लांब नाही. वॉशिंग्टन शहराच्या आग्नेय भागात, अनाकोस्टिया नदी ओलांडली की फोर्ट ड्युपाँट पार्क लागतं. पाहुणे कॅपिटॉल आणि स्मारकं बघून परत जातात, नदीच्या या बाजूला सहसा कुणी फिरकत नाही. वस्ती बहुतेक कृष्णवर्णीयांची, बरीचशी बेताच्या परिस्थितीतली. सत्तरच्या दशकात नॅशनल पार्क सर्व्हिसने तिथे एक आइस रिंक बांधली, आणि ते दशक संपता संपता हेंडरसननी आजूबाजूची मुलं जमवून हॉकीचा क्लब काढला, फोर्ट ड्युपाँट कॅनन्स. त्यांचा स्वतःचा जन्म सेंट क्रॉयचा, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा, जिथे बर्फ फक्त सरबतात. लहानपणी ते कॅनडात स्केटिंग शिकले, आणि तो खेळ मग आयुष्यभर त्यांना चिकटला.

तू म्हणशील, यात एवढं काय? अमेरिकेत गल्लोगल्ली क्लब आहेत. पण त्या काळाचा विचार कर. एनएचएल या इथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओ’री, बर्फावर उतरला तो १८ जानेवारी १९५८ ला, बोस्टन ब्रुइन्सकडून. एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली असताना हा माणूस ते कुणाला कळू न देता खेळला. त्याच्यानंतर दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू त्या लीगमध्ये यायला १९७४ साल उजाडावं लागलं. अशा दिवसांत वॉशिंग्टनच्या त्या वस्तीतल्या पोराला हॉकीची स्टिक देऊन “ये, हा तुझाही खेळ आहे” म्हणणं सोपं नव्हतं. समोरच्या संघांतल्या पालकांच्या नजरा होत्या, आणि “हे आपलं नाही” असं घरातूनही ऐकावं लागत असणार. हेंडरसन चाळीसहून जास्त वर्षं त्या रिंकवर जात राहिले. उत्तर अमेरिकेतला, अल्पसंख्याक मुलांसाठीचा सगळ्यात जुना हॉकी क्लब म्हणून आज त्याचं नाव घेतात.

२०१९ मध्ये त्यांना अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच वर्षीच्या यादीत एनएचएलचे कमिशनर गॅरी बेटमन होते, स्टॅन्ली कप जिंकणारा गोली टिम थॉमस होता. हेंडरसन एनएचएलमध्ये एकही सामना खेळले नव्हते. त्यांच्या नावावर होती ती रिंकवर सांभाळलेली मुलं. माझ्या मते त्या वर्षीच्या सगळ्या नावांत हेच नाव सगळ्यात मोठं होतं, आणि हे मी भाबडेपणाने म्हणत नाही.

आता तुझं म्हणणं बघू. तुला वाटतंय की हॉकी माहीत नसलेल्या बाईचं तिथे काय काम. अगं, मुलांच्या हॉकीतलं बरंचसं काम बर्फाबाहेरचंच असतं. घड्याळ चालवायला माणूस लागतो, स्कोअरशीट लिहायला लागतो, पेनल्टी बॉक्सचं दार उघडायला लागतो, आणि हे सगळे पालकच असतात. मॅनेजर म्हणजे सामन्यांचं वेळापत्रक, पैशांचा हिशेब, ईमेल, कोण कुणाच्या गाडीतून येणार याची जुळवाजुळव. घरच्या चार लग्नांत तू पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचं बघितलंस ना? तुझ्या हाताला हे काम नवीन नाही.

बर्फ हा प्रकारच मुळात महाग. रिंकच्या खालून नळ्या जातात, त्यांतून अतिथंड द्रव सतत फिरवावा लागतो, कॉम्प्रेसर दिवसरात्र चालतात, दर तासा-दीड तासाने झांबोनी यंत्र फिरवून बर्फ गुळगुळीत करावा लागतो. वीजबिल भागवायला रिंकवाले बर्फ तासावर विकतात. म्हणून लहान मुलांच्या वाट्याला पहाटेच्या वेळा येतात, आणि म्हणून हा खेळ पैसेवाल्यांकडे झुकतो. त्यात साहित्य. हेल्मेट, जाळी, खांद्याचे पॅड, कोपराचे, पोटऱ्यांचे, हातमोजे, स्केट्स, स्टिक. मूल वाढलं की सगळं परत. फोर्ट ड्युपाँटसारख्या ठिकाणी हे गणित कशावर जमलं? मागून आणलेल्या, कुणी दिलेल्या, एकाचं दुसऱ्याला झालेल्या सामानावर, आणि फुकट राबणाऱ्या माणसांवर. नव्वदच्या दशकात ती रिंक चालवणं पार्क सर्व्हिसला जड झालं तेव्हा आसपासच्या लोकांनी संस्था करून ती आपल्याकडे घेतली. नाहीतर तिथे कुलूप लागलं असतं.

म्हणून सांगते, सगळ्यांत आधी क्लबचं सामानाचं कपाट बघ. प्रत्येक क्लबकडे कुठेतरी ते असतं, जिन्याखाली किंवा झांबोनीच्या खोलीला लागून. दार उघडलं की घामट वास येईल, तो हॉकीचा वास आहे, त्याची सवय होते. आत मापं लावलेली नसतात, जोड्या फुटलेल्या असतात. एखादी नवीन आई मुलाला घेऊन येते, किंमत विचारते आणि गप्प होते. तिला त्या क्षणी तू “थांबा, आपल्याकडे या मापाचं आहे” असं म्हणू शकलीस, तर ते मूल पुढच्या आठवड्यात परत येईल. इतकं सरळ आहे ते. मी आमच्या इथे हे काम करते, आणि रिंकवरच्या सगळ्या कामांत मला हेच जास्त आवडतं.

आणि स्केट्स कसे घालायचे ते मात्र शिकून घे, त्याला स्वतःला स्केटिंग यायची गरज नाही. आपल्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची सवय, युनिफॉर्मपासून चपलांपर्यंत. स्केट्स तसे घ्यायचे नाहीत. बुटाच्या मापापेक्षा एक ते दीड माप लहान लागतात. मोठे घेतले की घोटा आत कलंडतो आणि मुलाला वाटतं आपल्याला जमतच नाही. मूल बाकावर बसलं की त्याला टाच जमिनीवर आपटायला सांग, म्हणजे पाय मागे नीट बसतो. मग लेस पंजाकडे बेताची, घोट्याच्या वळणावर अगदी करकचून, आणि शेवटच्या दोन भोकांत परत जराशी सैल, कारण गुडघा पुढे वाकायला हवा. तुझी बोटं लाल होतील. मूल “दुखतंय” म्हणेल. कुठे दुखतंय ते विचार. तळव्याच्या कमानीत म्हणालं तर लेस पंजाशी सोड, घोट्यापाशी म्हणालं तर जीभ वाकडी बसलीय का बघ. स्टिकचं माप सोपं: बूट घालून उभं राहिल्यावर साधारण नाकापर्यंत, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. एवढं आलं की लॉकर रूममध्ये तुला कुणी नवखी म्हणणार नाही.

लॉकर रूमवरून आठवलं. यूएसए हॉकी ही इथली हॉकीची संघटना स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासते आणि सेफस्पोर्ट नावाचं प्रशिक्षण करायला लावते. ते कंटाळवाणं वाटेल, पण चुकवू नकोस आणि इतरांनाही चुकवू देऊ नकोस. मुलं कपडे बदलत असतात तिथे तपासणी झालेलं मोठं माणूस हजर हवं, हा नियम आहे. कुणी “आपण सगळे ओळखीचेच आहोत” म्हणालं तर हसून, पण ठामपणे नाही म्हण. मुलांच्या सुरक्षिततेत ओळख बघायची नसते. गळ्याच्या पट्ट्याचंही तसंच. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात गळ्याला ब्लेड लागून एक अमेरिकन खेळाडू गेला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ पासून यूएसए हॉकीने मुलांसाठी गळ्याचं संरक्षण सक्तीचं केलं. गरम होतं, टोचतं, म्हणून मुलं ते बॅगेत लपवतात. सईच्या गळ्याला तू स्वतः हात लावून बघत जा.

पालकांचं सांगते, कारण तुला तिथेच जास्त त्रास होणार. सईच्या वयाची मुलं अख्ख्या रिंकवर खेळत नाहीत, आडव्या पट्ट्यांवर खेळतात. यूएसए हॉकीने २००९ मध्ये मुलांच्या शिकण्याची नवीन पद्धत आणली, तिचा हा भाग. कारण उघड आहे: दोनशे फूट लांब बर्फावर सात वर्षांचं मूल पकच्या चकतीपर्यंत पोचेपर्यंत दमून जातं, आणि अख्खा सामना एकदोन चपळ पोरंच खेळतात. लहान जागेत प्रत्येकाच्या स्टिकला पक लागतो. पण एखादे बाबा येतील आणि म्हणतील, हे काय पोरखेळ, माझ्या मुलाला खरी हॉकी खेळवा. अंगावर धडक मारायला तर बारा वर्षांपर्यंत बंदीच आहे, ती २०११ पासून. त्यावरूनही कुरकुर ऐकशील. वाद घालत बसू नकोस. एकदा शांतपणे कारण सांग, आणि त्यांना घड्याळ सांभाळायला बसव. ज्या पालकाच्या हाताला काम असतं तो कमी ओरडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तुझ्या मनातली दुसरी गोष्ट, जी तू बोलली नाहीस पण मला ऐकू आली. “तिथे सगळ्या इथल्याच बायका, आपण एकट्याच.” अनू, माझ्या इथून जवळच फोर्ट वॉशिंग्टनमध्ये टकर रोड रिंक आहे. तिथे डक्स नावाची मुलांची टीम. अलेक्झांड्रिया ब्रिग्ज-ब्लेक या बाई तिथल्या पालक संघटनेच्या अध्यक्ष होत्या. त्या हॉकीपटू नव्हेत, हॉकी खेळणाऱ्या मुलांची आई. २०१७ च्या जानेवारीत ती रिंक आगीत जळाली. हा कार्यक्रम तिथेच संपला असता तर कुणी दोष दिला नसता. बाईंनी दुसऱ्यांच्या रिंकवर वेळ मागितला, मुलं तिकडे नेली, टीम फुटू दिली नाही. २०२० मध्ये एनएचएलने विली ओ’रीच्या नावाने दिला जाणारा समाजसेवेचा पुरस्कार अमेरिकेतून त्यांना दिला.

आणि त्याच वर्षी कॅनडातून तो पुरस्कार कुणाला मिळाला? डॅम्पी ब्रार यांना. पंजाबी माणूस, कॅल्गरीचा. स्वतः व्यावसायिक हॉकी खेळलेला, मग दक्षिण आशियाई मुलांसाठी ‘अपना हॉकी’ सुरू करणाऱ्यांपैकी एक. आपल्या घरांमध्ये या खेळाची भीती काय असते ते त्यांना आतून माहीत: दात पडतील, अभ्यास बुडेल, पैसे जातील, आणि तिथे आपलं कोण आहे? आपलं कोण आहे, याचं उत्तर कुणीतरी तिथे उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. पुढच्या मोसमात एखादी नवीन देशी आई बिचकत दारात येईल, तेव्हा तिला पहिली तू दिसावीस असं मला फार वाटतं.

सईला लडाखच्या मुलींबद्दलही सांग. तिकडे छतवाली रिंक मुळी नव्हतीच बरीच वर्षं. हिवाळ्यात तळी गोठली की दोनेक महिने खेळायचं, रात्री पाणी सोडून सकाळी बर्फ तयार. मुलांचे जुने स्केट्स, मुलांचे पॅड. २०१६ मध्ये भारताच्या मुली पहिल्यांदा आशियाई स्पर्धेला गेल्या त्या लोकांकडून वर्गणी गोळा करून. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध पहिला सामना जिंकला, आणि २०२५ च्या आशिया कपमध्ये अल ऐनहून कांस्यपदक आणलं. कॅनडाची हेली विकेनहायझर, चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली, २०१८ मध्ये सामानाच्या बॅगा घेऊन लडाखला गेली होती. त्या मुली आज गावोगावच्या लहान पोरांना शिकवतात. नगरच्या आपल्या आजोळी कुणाला बर्फावरची हॉकी सांगितली तर हसतील, पण भारतात ती आहे, आणि मुलींनी ती डोक्यावर उचलून धरलीय.

तुझ्यापासून तासाभरावर फ्लिंट आहे. ते शहर तू बातम्यांतून ओळखतेस, गाड्यांचे कारखाने गेले, मग २०१४ नंतर पिण्याच्या पाण्यात शिसं. तिथे रिको फिलिप्स नावाचे, अग्निशमन दलात काम केलेले एक गृहस्थ. नोकरी सांभाळून त्यांनी २०१० मध्ये शहरातल्या मुलांसाठी हॉकीचा कार्यक्रम सुरू केला, साहित्यासकट फुकट. २०१९ मध्ये त्यांनाही तोच ओ’री पुरस्कार मिळाला. जमलं तर एकदा तिकडे चक्कर मार. मिशिगनमध्ये राहून हे न बघणं म्हणजे कोल्हापुरात राहून तालीम न बघण्यासारखं आहे.

एक कठीण गोष्ट. सईला उद्या कुणी नावावरून, रंगावरून काही बोललं तर? बोलतात, मी खोटं सांगणार नाही. अशा बोलण्याला यूएसए हॉकीच्या नियमांत थेट मॅच पेनल्टी आहे, खेळाडू त्या सामन्यातून बाहेर. पण पंचाने ऐकलेलं असावं लागतं, आणि मोठ्या माणसाने तक्रार नेटाने लावून धरावी लागते. आईने धरली तर लोक म्हणतात हळवी आहे. मॅनेजरने धरली तर कागद हलतात. हे मी फार विचार करून लिहितेय. तुझ्याकडे ते पद असणं फक्त तुझ्या लेकीच्या नाही, टीममधल्या प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या मुलाच्या उपयोगी आहे.

आणि जिंकण्या-हरण्याचं. हेंडरसनच्या क्लबात मुलाने एनएचएलमध्ये जावं हा हिशेब कधी नव्हता. शाळा, वागणूक, वेळेवर येणं, याचं मोल बर्फावरच्या चपळाईपेक्षा कमी नव्हतं. तिथे सुरुवात केलेल्या एका मुलाचं नाव ड्युआंटे ॲबरक्रॉम्बी. टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाने २०२३ मध्ये स्वतःची आइस हॉकी टीम उभी करायचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांना नेमलं. अशा विद्यापीठातली ही पहिलीच टीम. हेंडरसननी क्लब काढला तेव्हा हा माणूस जन्मालाही आला नव्हता. किती वर्षांनी काय उगवेल ते आधी दिसत नाही गं, आणि रिंकवर येणाऱ्या पन्नासांतली एकोणपन्नास मुलं पुढे हॉकी सोडून देतात, तेही ठीकच आहे. ती मुलं पडून उठायला शिकलेली असतात, एकमेकांची बॅग धरायला शिकलेली असतात.

पण घराचं भान ठेव. या कामात माणसं दोन प्रकारे संपतात. काहीजणी पहिल्या वर्षी सगळं ओढून घेतात आणि दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. काहीजणांवाचून पुढे पानच हलत नाही, आणि ते आजारी पडले की क्लब आजारी पडतो. तू यातलं काहीही होऊ नकोस. पहिल्याच महिन्यात एका पालकाला जोडीला घे, हिशेबाची वही त्याला दाखवत जा, कपाटाची दुसरी किल्ली करून त्याच्याकडे दे. निखिलशी आधी बोल, शनिवार-रविवारची पहाट तुम्ही वाटून घ्या. आईला भारतातून फोन करायची वेळ बदलून सांग, नाहीतर ती काळजी करत बसते. मंडळाच्या गणपतीच्या जेवणाचं काम या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे. तुझ्याशिवायही मोदक होतील. आयुष्यभराचं वचन आत्ता कुणी मागितलेलं नाही. एक मोसम घे, पण तो मोसम एकही शनिवार न चुकवता कर, कारण मुलांना ते माणूस परत दिसणं फार लागतं.

ईमेलला आज उत्तर पाठव. आधीच्या मॅनेजरबाईंकडून मुलांची यादी, आईवडिलांचे नंबर, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुणाकडे क्लबचं सामान वापरायला दिलंय, हे सगळं लेखी मागून घे. तोंडी सांगितलेलं दोन आठवड्यांत विसरायला होतं. पार्श्वभूमी तपासणीला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज मोसम सुरू व्हायच्या आधीच भर. आणि आमच्या कपाटात छोट्या मापाचे तीन-चार जोड स्केट्स जास्तीचे पडलेत, बरे आहेत, फक्त धार लावून घ्यावी लागेल. तुमच्याकडे कुठली मापं कमी आहेत ते कळव, थँक्सगिव्हिंगला येताना गाडीत टाकून आणते.

तुझी,
ताई